राजवायूंच्या पाच नळ्या : प्रकाश अप्रतिम, पुस्तिका मात्र बदलायला हवी

राजवायू सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत हे फळ्यावर लिहिणं सोपं, पटवणं अवघड. जे घडतच नाही ते दाखवायचं कसं? मी रसायनशास्त्र शिकवते. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवता येतो, मॅग्नेशियमची फीत पेटवून दाखवता येते. आर्गॉन मात्र बाटलीत असला काय आणि नसला काय, बघणाऱ्याला सारखंच. म्हणून हा डिस्चार्ज ट्यूबचा, म्हणजे विरळ वायूतून वीज सोडून तो उजळवणाऱ्या नळ्यांचा, संच मागवला. आता तो पुरेसा वापरून झाला आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

संचात काचेच्या पाच नळ्या आहेत : हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन. सहावा रेडॉन नाही, आणि ते योग्यच आहे. तो किरणोत्सारी आहे आणि त्याचा अर्धायुकाल जेमतेम ३.८ दिवसांचा. प्रत्येक नळी वीतभराहून थोडी लांब, दोन्ही टोकांना धातूचे इलेक्ट्रोड, मधला भाग अगदी बारीक. आत वायू फार विरळ भरलेला असतो. उभ्या स्टँडच्या वर-खाली स्प्रिंगचे खोबणे आहेत, त्यांत नळी अडकवायची आणि बटण दाबायचं. पुरवठा ५००० व्होल्टच्या आसपासचा, विद्युतप्रवाह मोजक्या मिलिअँपिअरचा. सोबत प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेल्या विवर्तन जाळ्या (उजेडातले रंग वेगवेगळ्या रेषांत पसरवून दाखवणाऱ्या), मिलिमीटरला ५०० रेषांच्या, आणि एक पातळ पुस्तिका.

बांधणीबद्दल थोडक्यात. स्टँड जड आहे, डगमगत नाही. स्प्रिंग घट्ट आहेत. वरच्या खोबणीला नीट टोपण आहे, खालची मात्र उघडी आहे, आणि ५००० व्होल्टच्या उपकरणात ही कसर राहायला नको होती. बटण चालू आहे की बंद हे दाखवणारा दिवाही नाही. मी वापरताना प्लग काढल्याशिवाय नळी बदलत नाही आणि कुणाला बदलू देत नाही. जाळ्या चांगल्या आहेत. रेषा स्वच्छ दिसतात, कडेला धूसर होत नाहीत.

आता खरी गोष्ट. सुरुवात निऑनने करा. बटण दाबताच नारिंगी-तांबडा उजेड असा झळकतो की खोलीतलं बोलणं थांबतं. जाळी डोळ्यासमोर धरली की त्या एका रंगाच्या जागी तांबड्या, नारिंगी, पिवळ्या रेषांची दाटी दिसते. त्यातल्या ६४०.२ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. निऑन कुणाशी संयोग का पावत नाही, याचं अर्ध उत्तर त्या रेषेत आहे.

निऑनच्या अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन मूळ जागेवरून उचलून पहिल्या रिकाम्या पातळीवर न्यायचा, तर सुमारे १६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या हिशेबातलं ऊर्जेचं एकक) लागतात. ही तांबडी रेषा निघते ती त्याहूनही वरच्या, १८.५५च्या पातळीवरून १६.६२च्या पातळीवर उतरताना. फरक फक्त १.९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. म्हणजे इलेक्ट्रॉनला दहाव्या मजल्यावर चढवलं आणि तो नवव्यावर उतरला. त्या एका मजल्याचा हा सगळा लखलखाट. खालचे नऊ मजले तो किरण टाकून उतरतो तेव्हा निघणारा किरण ७४ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे खोल अतिनील. तो डोळ्याला दिसत नाही आणि नळीच्या काचेतून बाहेरही पडत नाही.

हेलियमची पिवळी रेषा, ५८७.६ नॅनोमीटरची, हीच गोष्ट आणखी ठळकपणे सांगते. ती निघते २३.०७वरून २०.९६वर उतरताना. हेलियमचा इलेक्ट्रॉन जागचा हलवायलाच १९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि अणूतून पूर्ण बाहेर काढायला २४.६. कुठल्याही मूलद्रव्याच्या पहिल्या इलेक्ट्रॉनसाठी याहून मोठा आकडा नाही.

हे आकडे मोठे की लहान हे कळण्यासाठी रासायनिक बंधांचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. कार्बन आणि हायड्रोजन यांचा बंध जुळताना सुमारे ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचा बंध एकेरी बंधांमध्ये फार बळकट गणला जातो, त्याचे ५.९. बंध जुळवून मिळकत चार-सहाची, आणि निऑनचा इलेक्ट्रॉन नुसता जागचा हलवायचा खर्च १६.६. नळी पेटवण्यासाठी ५००० व्होल्ट का लागतात याचं हे पूर्ण उत्तर नव्हे, कारण दाब, नळीची लांबी, इलेक्ट्रोड हे सगळं त्यात येतं. पण त्या व्होल्टेजने वेगवान झालेला इलेक्ट्रॉन एका धडकेत जे करतो, ते साध्या तापमानाला दुसऱ्या अणूला जमत नाही, हे बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. मला या संचात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, आत एवढं पेटलंय, मग वायू संपत का नाही?" फार चांगला प्रश्न. आत काहीच जळत नाही. इलेक्ट्रॉन वर जातो, खाली येतो, अणू होता तसा राहतो आणि पुन्हा धडकेला तयार होतो. जुन्या नळ्यांच्या टोकांना काळसरपणा येतो तोही वायूच्या अभिक्रियेमुळे नव्हे. वायूचे आयन इलेक्ट्रोडवर आदळतात, धातूचे अणू उडवतात आणि ते काचेवर बसतात. मग थोडा वायू त्या धातूच्या थरात अडकून पडतो. अडकतो, बांधला जात नाही.

आता पुस्तिका. तिच्यातला वर्णपटाचा तक्ता अचूक आहे, रंग नीट छापलेत, तरंगलांब्या बरोबर आहेत. पण पहिल्याच पानावर लिहिलंय की बाह्य कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण असल्यामुळे हे वायू स्थिर असतात आणि कुठल्याही मूलद्रव्याशी संयोग पावत नाहीत. या वाक्याचा दुसरा भाग चुकीचा आहे आणि पहिला भाग कारण नाही. हेलियमकडे आठ नाहीत, दोनच आहेत, तरी तो अगदी अलिप्त. झेनॉनकडे आठ आहेत, तरी त्याची संयुगं बाटलीत भरून ठेवता येतात. आठ ही मोजदाद झाली. कारण इलेक्ट्रॉन किती घट्ट धरलेत आणि नव्याला जागा कुठे आहे, यात आहे.

पुस्तिकेत हे एका पानात मावलं असतं. निऑनचा अणुअंक १०. बाहेरच्या कवचातले आठही इलेक्ट्रॉन एकाच पातळीवर असल्यामुळे एकमेकांना केंद्रकापासून फारसे झाकत नाहीत. हे झाकणं मोजणाऱ्या स्लेटरच्या ढोबळ नियमांनी हिशेब केला तर त्यातल्या प्रत्येकाला केंद्रकाचा परिणामी प्रभार सुमारे ५.८५ जाणवतो. आता अकरावा इलेक्ट्रॉन आणा. दुसरं कवच भरलेलं आहे, त्यामुळे त्याला तिसऱ्यात जावं लागेल, आणि तिथे आतले दहाही इलेक्ट्रॉन केंद्रकाला जवळजवळ पूर्ण झाकतात. त्याच हिशेबाने त्याला जाणवणारा प्रभार उरतो १.२. असलेले ५.८५ने धरलेले आणि येणाऱ्यासाठी १.२ची ओढ, म्हणून निऑन इलेक्ट्रॉन देत नाही आणि घेतही नाही. निऑनचा ऋण आयन टिकत नाही, तो याचमुळे.

यातला "घेत नाही" हा भाग शिकवताना हमखास सुटतो, आणि पुस्तिकेतही सुटलाय. तिथे आयनीभवन ऊर्जांचा, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जांचा, आलेख देऊन विषय संपवलाय. त्या आलेखात मी पेन्सिलने दोन आकडे भरून घेतले. फ्लोरिनची आयनीभवन ऊर्जा १७.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे आर्गॉनच्या १५.८पेक्षा जास्त. फ्लोरिन इलेक्ट्रॉन सोडायला आर्गॉनपेक्षाही नाखूश, तरी त्याच्याइतकं क्रियाशील मूलद्रव्य नाही. कारण त्याच्या बाह्य कवचात एक जागा रिकामी आहे आणि तिथे इलेक्ट्रॉन आला की ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट सुटतात. दुसरा आकडा हायड्रोजनचा : १३.६. झेनॉनचा १२.१. झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला हायड्रोजनपेक्षा सोपा आहे! हायड्रोजन सगळ्यांशी जुळवून घेतो, कारण त्याचं कक्षक (दोन इलेक्ट्रॉन मावतील अशी अणूतली जागा) अर्धं रिकामं आहे. झेनॉनचं भरलेलं. दोन भरलेली कक्षकं एकमेकांवर आली की बंध जुळवणारी पातळी भरते आणि बंध तोडणारीही भरते, आणि दुसरीचं नुकसान पहिलीच्या फायद्यापेक्षा थोडं जास्तच असतं. दोन हेलियम अणूंचा रेणू साध्या परिस्थितीत बनत नाही तो याच हिशेबाने. वर्गात फक्त आयनीभवन ऊर्जेचा आलेख दाखवला की मुलं हायड्रोजन आणि झेनॉनपाशी अडतात, आणि त्यांनी अडावंच.

यावरून झेनॉनच्या नळीकडे येते. बघायला ती पाचांत सर्वांत साधी. निळसर पांढरा उजेड, जाळीतून निळ्या भागात काही सुंदर रेषा, त्यांत ४६७.१ आणि ४६२.४ नॅनोमीटरच्या जोडीने उठून दिसतात. इतर रंग फिके. नुसत्या देखणेपणावर गुण द्यायचे तर झेनॉन शेवटी येईल. पण याच वायूने सगळ्यांना चकवलं. १८९५मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँने, आर्गॉनच्या शोधकांपैकी एक असलेल्या रॅम्झीकडून आलेल्या आर्गॉनवर फ्लोरिनचा प्रयोग केला, काही घडलं नाही. १९३३मध्ये लायनस पॉलिंगने झेनॉनचं फ्लोराइड शक्य आहे असं भाकीत केलं. त्याच वर्षी यॉस्ट आणि के यांनी प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. मग मार्च १९६२मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेटच्या एक गोष्ट लक्षात आली. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतं. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा १२.०७, आणि झेनॉनची १२.१३. आकडे इतके जवळ, तर झेनॉनचा का नाही? त्याने प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची गडद तांबडी वाफ आणि झेनॉन एकत्र येऊ दिले, साध्या तापमानाला. पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गोन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या भांड्यात ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्फटिक मिळाले. दोन आकडे शेजारी ठेवून बघण्यातून आलेला हा शोध आहे, आणि माझ्या मते रसायनशास्त्रातला याहून सुंदर तर्क कमी सापडेल. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झेनॉनला जमतं ते निऑनला का नाही, हेही आकड्यांनी दाखवता येतं. निऑनचा इलेक्ट्रॉन काढायला २१.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च, तो फ्लोरिनला दिल्यावर ३.४ परत, तूट १८.२. धन आणि ऋण आयन २ अँगस्ट्रॉमवर (०.२ नॅनोमीटरवर) आणले तर आकर्षणातून ७.२ मिळतात. तूट भरून निघायची नाही. झेनॉनसाठी तीच तूट ८.७ आहे, म्हणजे आवाक्याच्या जवळ. प्रत्यक्ष बंधात इलेक्ट्रॉन पूर्ण हस्तांतरित होत नाही, वाटून घेतला जातो, आणि उरलेलं अंतर त्यातून भरतं. झेनॉनच्या अणूत बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब आहेत, मध्ये आतल्या कवचांचे थर आहेत, त्यामुळे पकड सैल. गटात खाली उतरताना हीच पकड सैल होत जाते.

क्रिप्टॉन बरोबर सीमेवर बसलाय. त्याच्या डायफ्लोराइडमधल्या प्रत्येक बंधाची ऊर्जा मोलला सुमारे ४९ किलोज्यूल, दोन बंधांचे ९८; पण फ्लोरिनचा रेणू तोडायलाच १५८ लागतात. साठाचा तोटा. म्हणून ते संयुग बनतं तेव्हा बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते, आणि साध्या तापमानाला ते हळूहळू सुटून जातं. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये हाच आकडा १३३च्या आसपास, दोन बंधांचे २६६, म्हणून ते टिकतं. ही वजाबाकी मी क्रिप्टॉनची नळी पेटलेली असताना करून घेते.

क्रिप्टॉनची एक गंमत सांगायला हवी, कारण घेणाऱ्याला ती नक्की भेटेल. त्याची पिवळी रेषा ५८७.१ची आणि हेलियमची ५८७.६ची. या जाळीतून नुसत्या डोळ्यांनी दोन्ही अगदी एकाच जागी दिसतात. पुस्तिकेत याबद्दल सूचना नाही. ओळख हिरव्या रेषेवरून पटवायची : क्रिप्टॉनची ५५७.० ठळक आणि पोपटी, हेलियमची ५०१.६ निळ्याकडे झुकलेली. १८९८मध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या गाळात क्रिप्टॉन ओळखला तो याच पिवळ्या-हिरव्या रेषांवरून. मोजून पाहायचं असेल तर नळीच्या मागे मीटरपट्टी आडवी धरा आणि बरोबर एक मीटरवरून जाळीतून बघा. हेलियमची पिवळी रेषा पट्टीवर मध्यापासून ३०.७ सेंटिमीटरवर दिसली पाहिजे. माझ्याकडच्या जाळीत ती तिथेच दिसते, म्हणून जाळीवरचा ५००चा आकडा खरा आहे असं ठामपणे म्हणते.

आर्गॉनची नळी जांभळट, मंद. तिच्यावर नाराज होऊ नका. त्याच्या सर्वांत तेजस्वी रेषा ७५०, ७६३, ८११ नॅनोमीटरच्या भागात आहेत, डोळ्याच्या मर्यादेवर किंवा पलीकडे. डोळ्याला दिसतात त्या ४१६ आणि ४२०च्या आसपासच्या जांभळ्या आणि ६९६.५ची गडद तांबडी. हवेत जवळजवळ एक टक्का असलेला हा वायू १८९४पर्यंत लपून राहिला. हवेतून काढलेल्या नायट्रोजनची घनता लिटरला १.२५७ ग्रॅम आणि रसायनांपासून बनवलेल्याची १.२५१, एवढ्याशा फरकावर भौतिकशास्त्रज्ञ रॅले अडून बसला आणि म्हणून तो सापडला.

आणखी एक गोष्ट, जी मी मोठ्या विद्यार्थ्यांनाच सांगते. पेटलेल्या नळीतले उत्तेजित अणू आता तसे अलिप्त नसतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन सैल धरलेला असतो आणि खाली एक जागा रिकामी झालेली असते. उत्तेजित हेलियम बराचसा लिथियमसारखा, उत्तेजित झेनॉन सिझियमसारखा. क्रिप्टॉन आणि फ्लोरिन यांचा २४८ नॅनोमीटरचा लेसर आणि आर्गॉन-फ्लोरिनचा १९३चा, दोन्ही अशा क्षणभर जुळणाऱ्या जोड्यांवर चालतात. ऊर्जा सुटली की जोडी फुटते. हेलियमसुद्धा प्रोटॉनला धरून ठेवतो. हेलियम हायड्राइड आयन प्रयोगशाळेत १९२५मध्ये बनला आणि २०१९मध्ये एनजीसी ७०२७ या तेजोमेघात सापडला. ही अलिप्तता अणूच्या सर्वांत खालच्या, शांत अवस्थेची आहे.

वापरताना नळी अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद असा क्रम ठेवा, मधला भाग बराच तापतो. बदलताना कापडाने धरा. हेलियमच्या नळीकडे मात्र वर्षागणिक लक्ष ठेवा : त्याचा अणू इतका लहान आणि काचेशी इतका बेफिकीर की तो काचेतूनच हळूहळू झिरपतो. विकणाऱ्यांनी सुट्या नळ्याही ठेवल्यात, ही मोठी सोय आहे.

बनवणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे : पुढच्या संचात सहावी नळी हायड्रोजनची द्या. १३.६चा हायड्रोजन आणि १२.१चा झेनॉन शेजारीशेजारी पेटवता आले, तर पुस्तिकेतलं आठाचं वाक्य काढून टाकायला दुसरा पुरावा लागणार नाही. तोवर मी संच घ्या असंच सांगेन, आणि पहिलं पान स्वतः लिहून चिकटवा असंही.